रात्री गाडी कुठे उभी असते?

नवी गाडी कोणती घ्यायची हे ठरवायला केलेल्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे १ जुलै २०२५ आणि खाली एकच आकडा: १०८. साताऱ्यातल्या गोडोलीतल्या घरापासून कराडच्या कॉलेजपर्यंत ५४ किलोमीटर, आणि परत तेवढेच. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर २,७०० किलोमीटर होतात. गाडीत मी एकटी नसते. गणिताचे सर नागठाण्याला बसतात, केमिस्ट्रीच्या मॅडम साताऱ्यातूनच माझ्याबरोबर निघतात. तेलाचा खर्च तिघांत वाटून घ्यायची आमची नऊ वर्षांची पद्धत.

जुनी पेट्रोल गाडी २०१२ ची. जून २०२५ मध्ये उंब्रजजवळ, रस्ता रुंदीकरणाच्या वळणावर, भर पावसात ती बंद पडली आणि मेकॅनिकने पेट्रोलचा रबरी पाइप हातात आणून दिला. मऊ पडलेला, चिरा गेलेला. "मॅडम, हे इथेनॉलनं होतंय," तो म्हणाला. तेरा वर्षांचा रबर कशानेही चिरतो, त्यामुळे एवढ्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. पण ॲव्हरेज मात्र माझ्या नोंदीतच होतं. पूर्वी १८ च्या पुढे पडायचं, आता साडेसोळा.

यामागचं गणित सरळ आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पेट्रोलमध्ये ते २० टक्के मिसळलं, की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होणारच. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याचा गुण, जास्त, म्हणून त्यासाठी जुळवलेलं इंजिन त्यातलं काही भरून काढतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप आणि सील ई-२० साठीच, म्हणजे या २० टक्के मिश्रणासाठीच, बनवलेले आहेत. माझी गाडी त्याआधीची, आणि आमच्याकडच्या पंपांवर दुसरं पेट्रोल मिळत नाही.

घरी हा विषय नाजूक आहे. दीर रहिमतपूरकडे शेती करतात. त्यांचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथे इथेनॉल होतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, तेव्हा त्यांच्या घरात किती काळजी होती ते मी पाहिलं आहे. "वहिनी, तुमचं मायलेज दीड किलोमीटरनं कमी झालं, पण आमचं उसाचं बिल वेळेवर आलं," असं ते एकदा म्हणाले. त्यांचं खरं आहे आणि माझ्या वहीतला आकडाही खरा आहे. नवी गाडी घेताना मला दोन्ही लक्षात ठेवायचं होतं.

जुलैमध्ये शोध सुरू केला. शोरूममध्ये जायच्या आधी वहीत दोन आठवडे फक्त माझा रस्ता लिहिला: किती वाजता निघते, वेग किती असतो, एसी किती वेळ, गाडी दिवसभर कुठे उभी, रात्री कुठे उभी. रात्रीची नोंद मी सहज केली होती. पुढे सगळा निर्णय तिच्यावरच फिरला.

आधी जुन्या गाडीलाच सीएनजी किट बसवायचा विचार केला. किट, मग आरटीओत आरसीवर इंधन बदलल्याची नोंद, आणि २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होऊन पुन्हा नोंदणी. एवढा खर्च करून दोनच वर्षं. तो विचार तिथेच सोडला.

यांचं म्हणणं डिझेल घ्या. पूर्वी ते बरोबर असतं. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर लहान डिझेल गाड्या जवळजवळ संपल्याच. मारुतीने तर डिझेल पूर्ण बंद केलं. आमच्या बजेटमध्ये डिझेलचा पर्याय फारसा उरलाच नव्हता.

हायब्रीड मात्र मी मनापासून बघितली. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा या एकाच घरच्या दोन गाड्या, कागदावर लिटरला २७.९७. चालवून बघितली. सिग्नलवर इंजिन बंद, गाडी बॅटरीवर गुपचूप सरकते, फार छान वाटतं. पण हायब्रीडची बरीचशी बचत होते ती ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत साठवल्यामुळे. पुण्यात कर्वे रस्त्यावर ज्याला रोज दीडशे वेळा ब्रेक मारावा लागतो, त्याच्यासाठी ही गाडी आहे. मी शेंद्रे ओलांडलं, की तासवडे टोलनाक्यापर्यंत ऐंशीच्या वेगाने सरळ जाते. साठवायला तिथे फारसं काही नाही. शिवाय किंमत आमच्या हाताबाहेर.

उरले दोन पर्याय. सीएनजी आणि वीज.

सीएनजीबद्दल लोक ॲव्हरेज सांगतात, रांग सांगत नाहीत. म्हणून मी कॉलेजातल्या एका सरांची सीएनजी गाडी आठवडाभर मागून घेतली आणि आमची त्यांना दिली. गाडी चांगली. किलोला २६ किलोमीटर सहज पडलं, आमच्या सपाट रस्त्यावर ताकदही कमी वाटली नाही. घाटात पेट्रोलपेक्षा जरा लवकर गिअर उतरवावा लागतो एवढंच. टाकीने डिकी भरून जाण्याचं दुःखही आता कमी झालं आहे. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोजमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या तळाशी बसवल्या, मग पंचमध्ये तेच केलं, ह्युंदाईने एक्स्टरमध्ये केलं. सासूबाईंची व्हीलचेअर दोन टाक्यांच्या गाडीत बसते का, हे मी शोरूममध्ये व्हीलचेअर नेऊनच पाहिलं. घडी करून बसते.

आता रांग. त्या आठवड्यात मी पाच वेळा गॅस भरला. रांगेत गेलेला वेळ घड्याळ लावून लिहिला आहे: ३ तास २० मिनिटं. सकाळी सव्वासहाला गेले तर बावीस मिनिटं, संध्याकाळी साडेपाचला एक तास दहा मिनिटं. आमच्या भागातल्या बऱ्याच पंपांवर गॅस नळाने येत नाही, तो ट्रकवरच्या सिलिंडरांमधून येतो. ट्रक नुकताच आलेला असेल तर दाब पूर्ण असतो. सिलिंडर रिकामे होत जातात तसा दाब उतरतो, आणि तुमची टाकी 'भरली' तरी अर्धवटच भरते. दुपारच्या उन्हात भरली तर आणखी कमी, कारण गरम गॅस त्याच दाबाला कमी किलो बसतो. माझ्या नोंदीत सकाळी ८.४ किलो, दुपारी ७.६ किलो. टाकी तीच. दर वेळी गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, हेही आलं. सासूबाईंना घेऊन दवाखान्यात जाताना ते दोनदा झालं. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला ते लागलं.

वहीत या गोष्टी लिहिताना रांगेतल्या रिक्षावाल्यांशी बोलणं झालं. त्यांच्यासाठी तो तास म्हणजे सरळ धंद्याचा तास. शिक्षिका म्हणून माझ्या तासाची किंमत मी पैशात धरली नाही, पण ३ तास २० मिनिटं हा आकडा मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकट केली.

विजेच्या गाडीकडे मी भीत भीतच गेले. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा ती पुण्या-मुंबईच्या लोकांची गाडी वाटायची. नंतर टियागो, कॉमेट, पंच, विंडसर अशा एकामागोमाग आल्या, चाकणला महिंद्राच्या मोठ्या इलेक्ट्रिक गाड्या बनू लागल्या, आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावर हिरव्या पाट्या दिसायला लागल्या. तरी माझा पहिला प्रश्न होता: १०८ किलोमीटर रोज, वर एसी, वर तीन माणसं, पोचेल का?

इथे जाहिरातीतल्या आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच फसतात किंवा इथेच घाबरतात. कंपन्या जो पल्ला छापतात तो ठरावीक चाचणीतला असतो. गाडी रोलरवर, वेग बेताचा, रस्त्याचा वारा नाही. ऐंशीच्या वेगाला गाडीची निम्मी मेहनत हवा कापण्यातच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठवरून नव्वदवर गेलात की तो सव्वादोन पट. माझ्या मुलांना मी हे दर वर्षी फळ्यावर शिकवते. तेव्हा शोरूममध्ये "मॅडम, चारशे जाते" असं ऐकल्यावर मी विचारलं, बॅटरी किती युनिटची? ३५. मग मीच भागाकार केला. महामार्गावर युनिटला सात किलोमीटर धरले तर २४५. रोजच्या १०८ ला ते दुपटीहून जास्त आहे. चारशेची मला गरजच नव्हती.

त्या सेल्समनने आणखी एक गोष्ट चुकीची सांगितली: "इलेक्ट्रिकला टोल माफ." राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणातली टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गासाठी आहे. तासवड्याचा नाका राष्ट्रीय महामार्गावर. तिथे मी टोल भरते. फक्त १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. रोज दोन वेळा ओलांडायचं, म्हणजे 'वार्षिक' पास माझा शंभर कामाच्या दिवसांत संपतो. तरी परवडतो. हे मी नंतर त्या शोरूममध्ये जाऊन त्या मुलाला नीट समजावून सांगितलं, कारण पुढच्या गिऱ्हाइकाने टोलमाफी धरून हप्त्याचं गणित मांडलं तर त्याचं नुकसान होईल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझं जवळजवळ ठरलं. १५ ऑगस्टला पंतप्रधानांच्या भाषणात जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली आणि सगळं पुन्हा उघडलं.

तोपर्यंत लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, चार मीटरच्या आतल्या लहान गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. इलेक्ट्रिकचे ५ तेच राहिले. म्हणजे सीएनजी गाडी स्वस्त झाली आणि विजेची होती तिथेच. माझ्या वहीत दोघींमधला फरक, विमा आणि रस्ता कर धरून, सव्वातीन लाखांचा चार लाख झाला. रस्ता कर आपल्याकडे इलेक्ट्रिकला नाही, पेट्रोलला ११ टक्क्यांपासून, सीएनजीला ८ टक्क्यांपासून. तो धरूनसुद्धा चार लाख.

मग नवरात्रातल्या एका रात्री मी आणि हे जेवणाच्या टेबलावर बसलो आणि महिन्याच्या २,७०० किलोमीटरचा हिशेब मांडला. जुन्या गाडीत पेट्रोल १७,००० रुपयांचं. नव्या पेट्रोल गाडीत १४,८०० धरले. सीएनजी किलोला ९२ धरून ९,५५०. विजेचा आकडा काढायला सगळ्यात वेळ लागला, कारण तो आकडा घराघरात वेगळा असतो.

घरच्या विजेचा दर पायऱ्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांचा एक दर, पुढच्या २०० युनिटांचा त्याच्या जवळजवळ दुप्पट, ३०० च्या वर आणखी. आमच्या घराचा वापर १९० युनिट. गाडीला महिन्याला चारशे लागणार. ते चारशे घरच्या १९० वर चढवले असते तर बरीचशी युनिटं वरच्या महागड्या पायऱ्यांवर गेली असती आणि बचतीचा मोठा भाग तिथेच गेला असता. बऱ्याच जणांना हे गाडी घेतल्यावर पहिल्या बिलात कळतं. ज्यांच्या घरी सोलर नाही, त्यांनी महावितरणकडे गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळा मीटर घ्यावा. त्याचा दर वेगळा असतो आणि तो पायऱ्या चढत नाही.

आमच्याकडे सोलर होतं. २०२४ च्या अखेरीस पीएम सूर्यघर योजनेत गच्चीवर तीन किलोवॅटचे पॅनल बसवले, ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं. वर्षाची सरासरी महिन्याला ३४० युनिटची. जुलैत ढग असताना ती निम्म्यावर येते, मार्च-एप्रिलमध्ये चारशेला टेकते. घराचे १९० वजा केले की दीडशे युनिट दर महिन्याला वर राहायची. ती महावितरणच्या खात्यात पुढे जमा होतात, पण मार्चअखेर उरलेल्यांचे किरकोळ पैसे मिळतात आणि खातं कोरं होतं. म्हणजे ती दीडशे युनिटं जवळजवळ फुकट जात होती. चारशेतून दीडशे गेली की अडीचशे विकत घ्यायची, तीही खालच्या दोन पायऱ्यांवर. आकडा आला साधारण २,६५०. पॅनलला आम्ही आधीच पैसे मोजले आहेत, त्यामुळे ही वीज फुकट आहे असं मी म्हणणार नाही.

सीएनजीपेक्षा महिन्याला ६,९०० वाचणार. चार लाख भरून निघायला ५८ महिने. पाच वर्षं.

इथे यांनी एक प्रश्न विचारला आणि तो मला सुचलाच नव्हता. बॅटरीची हमी किती? ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आधी येईल ते. जाहिरातीत आठ वर्षं मोठ्या अक्षरात असतात. माझं वर्षाचं धावणं तीस हजारांच्या पुढे. म्हणजे माझी हमी पाच वर्षांच्या आसपास संपणार, नेमकी पैसे भरून निघण्याच्या सुमारास. ज्याचं धावणं कमी, त्याला बचत कमी आणि हमी लांब. ज्याचं धावणं जास्त, त्याला बचत जास्त आणि हमी आखूड. त्या रात्री आम्ही काही ठरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चौकटीतल्या आकड्याकडे पाहिलं. आठवड्याला ३ तास २० मिनिटं. आणि त्याच्या खाली जुलैतली ती साधी नोंद: 'रात्री गाडी: अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून आठ फूट.' भिंतीपलीकडे विजेचा बोर्ड. वरती पॅनल. ज्या गाडीचं इंधन आठ फुटांवर आहे, तिच्यासाठी मी पहाटे रांगेत का उभी राहू? बॅटरीची जोखीम मी हिशेबात धरली, महिन्याच्या बचतीतले तीन हजार त्यासाठी वेगळ्या खात्यात टाकायचे असं ठरलं, आणि पंच ईव्ही बुक केली. पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, गाडी अंगणात आली. सासूबाईंनी ओवाळलं.

पहिल्याच रात्री गाडी चार्ज झाली नाही. चार्जरवर लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. आमचे नेहमीचे वायरमन दुसऱ्या दिवशी आले, टेस्टर आणि मीटर घेऊन बसले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या घराला अर्थिंगच नाही म्हणायचं." घर १९८८ चं. अर्थिंगची पट्टी मातीत गंजून तुटलेली. फ्रिज, मिक्सर, गिझर सगळं त्याच्यावर सदतीस वर्षं चाललं, कोणी काही बोललं नाही. गाडीच्या चार्जरने मात्र नकार दिला, कारण अर्थिंग नसेल तर तो करंट सोडतच नाही. मला त्या लाल दिव्याबद्दल अजून कृतज्ञता वाटते. सासूबाई रोज त्याच गिझरचं पाणी घेत होत्या.

मग तुळशीवृंदावनाच्या मागे खड्डा घेतला, मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग केली. मीटरपासून अंगणापर्यंत वेगळी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली, कारण साध्या वायरीवर सहा तास सतत तेरा-चौदा अँपिअर घेतले की प्लग वितळतो. वेगळा ब्रेकर लावला. महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज केला. हे सगळं होईपर्यंत बारा दिवस गेले. गाडी बुक करायच्या आधी वायरमनना बोलवायला हवं होतं. आता मला कोणी विचारलं तर पहिलं हेच सांगते, शोरूमच्या आधी वायरमन.

रोजचं आता असं चालतं. रात्री अकराला प्लग लावते, पहाटे पाचपर्यंत गाडी भरलेली. रोज सोळा युनिटांच्या आसपास. रस्त्यावर युनिटला ७.४ पडतात, भिंतीतून गाडीत जाताना दहा टक्के उष्णतेत जातात. केमिस्ट्रीच्या मॅडमना पहिल्या दिवशी गाडी सुरू झाल्याचं कळलंच नाही. उंब्रजच्या धुळीत, ट्रकांच्या मागे सरकताना, आपल्या गाडीतून तरी धूर जात नाही याचं मला रोज बरं वाटतं. वीज कुठे तरी कोळशावर होते, हे मला माहीत आहे. तरी विजेची मोटर इंजिनापेक्षा खूपच कमी ऊर्जा वाया घालवते आणि आमची काही युनिटं गच्चीवरची आहेत.

डिसेंबरमध्ये माहेरी, चिपळूणला गेलो, पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने. निघताना १०० टक्के. घाटमाथ्यावर ५१ टक्के होते, खाली उतरल्यावर ५४. मुलांना मी हे उदाहरण सुट्टीनंतर फळ्यावर घातलं: १,६०० किलोचं वजन साडेपाचशे मीटर खाली आलं, तर स्थितिज ऊर्जा किती? ८.६ मेगाज्यूल, म्हणजे २.४ युनिट. त्यातलं एक युनिट बॅटरीत आलं. उरलेलं कुठे गेलं? तो तास फार छान झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने टायरचं घर्षण, हवा आणि मोटरमधली उष्णता असे तीन भाग स्वतः पाडले. दुसऱ्याने विचारलं, मग हायड्रोजनची गाडी का नको? मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटाच्या मिराईतून संसदेत गेले होते, ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण इथेनॉलवर चालू शकणारी इनोव्हाही त्यांनीच दाखवली. मी त्याला सांगितलं, गाडी बनवता येते हे त्यातून कळलं. आता सातारा-कराड रस्त्यावर हायड्रोजनचा एकही पंप आहे का, ते तू मोजून ये.

चिपळूणला भावाने गिझरच्या सॉकेटवर गाडी लावून दिली. आधी त्याची अर्थिंग तपासून घेतली.

अवघड गेला तो जानेवारीतला पुणे प्रवास. कोथरूडला पोचलो तेव्हा ५१ टक्के. शहरात अठ्ठावीस किलोमीटर फिरणं झालं, निघताना ३९. नसरापूर फाट्याजवळ चार्जर आहे, तिथे थांबू असं ठरवलेलं. तिथे गाडीला लावायच्या दोन गन. एकीवर 'बंद' अशी चिठ्ठी, दुसरीवर टॅक्सी लावलेली आणि चालक जेवायला गेलेला. थोडं पुढे दुसऱ्या ठिकाणी ॲपमधून पैसे कापले गेले, चार्जिंग सुरूच झालं नाही. हेल्पलाइनवर पंधरा मिनिटं संगीत ऐकलं. गाडीत सासूबाई. बाहेर अंधार. समोर खंबाटकी चढायचा. एसी बंद करून, पन्नासच्या वेगाने डाव्या लेनमधून शिरवळ गाठलं, तेव्हा १८ टक्के उरले होते. तिथला चार्जर चालू होता. पस्तीस मिनिटांत ५५ टक्के, सव्वातीनशे रुपये. पैसे नंतर आठ दिवसांनी परत आले.

या प्रवासातली भीती मी लपवणार नाही. पण त्याहून महत्त्वाचा आकडा त्या पावतीवर आहे. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला युनिटला कर धरून पंचवीस रुपये पडले. युनिटला सात किलोमीटर म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपये. सीएनजीचाही माझ्या वहीत किलोमीटरला साडेतीनच रुपये आहे. म्हणजे ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही आणि जो कायम रस्त्यावरच्या चार्जरवर अवलंबून राहील, त्याची बचत शून्य, आणि गाडीला चार लाख जास्त.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते कारण केमिस्ट्रीच्या मॅडमची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा हाच प्रश्न आला. माझी गाडी रोज बघून त्यांचंही मन इलेक्ट्रिककडे गेलं होतं. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, पार्किंग खाली, मीटरची खोली दुसऱ्या टोकाला, चाळीस मीटर वायर सगळ्यांच्या जागेतून न्यायची. सोसायटीच्या कमिटीला आगीची भीती वाटते. मॅडमनी दोन बैठका घालवल्या, तिसरी पुढे ढकलली गेली. मी त्यांना सांगितलं, सीएनजी घ्या. त्यांचं धावणं दिवसाला बारा किलोमीटर, कारण कराडला तर त्या माझ्याबरोबर येतात. आठ किलो गॅस त्यांना पंधरा दिवस पुरतो, रांगेत महिन्यातून दोनदाच उभं राहायचं. त्यांनी दोन टाक्यांची सीएनजी घेतली आणि त्या खूश आहेत. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यायची, ही तारीख मी त्यांना गाडीच्या कागदांवर मोठ्या अक्षरात लिहून दिली आहे. ती चुकवून चालत नाही.

आता दीर मागे लागले आहेत. मागच्या रविवारी आले, वही मागून घेतली, चुलीपाशी बसून सगळी वाचली. त्यांचं धावणं रहिमतपूर, कोरेगाव, सातारा, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. इथेनॉलची बाजू घेणारा माणूस विजेची गाडी बघतोय म्हणून यांनी विचारलं, तर म्हणाले, "ऊस माझा आहे, पण पेट्रोल मलाच भरायचंय." मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, भाऊजी, गाडी रात्री कुठे उभी असते? गोठ्याशेजारी. तिथे वीज आहे, पण ती शेतीपंपाची लाइन. तिच्यावर गाडी लावायची परवानगी नाही, आणि ती चोवीस तास नसतेही. घरातली लाइन गोठ्यापर्यंत न्यावी लागेल. त्यांनी उठून फोनवर मुलाला अंतर मोजायला सांगितलं. साठ फूट. वहीत नवीन पान काढून मी ते लिहिलं. येत्या रविवारी वायरमनना घेऊन रहिमतपूरला जायचं आहे, आधी अर्थिंग बघायला.